चावून खाल्लेला चहा

गेल्या शुक्रवारी मस्कतच्या कुरुम भागात मी चहा खाल्ला. हो, खाल्ला… प्यायलो नाही! आणि तो खाता खाता इथला माझा सगळ्यात मोठा खटला हरलो.

आमच्या ऑफिसातली थिडा मूळची ब्रह्मदेशची, म्हणजे आताच्या म्यानमारची. त्यांचं नवं वर्ष एप्रिलमध्ये येतं, म्हणून तिनं घरी जेवायला बोलावलं होतं. त्या देशाबद्दल हाती लागेल ते मी वाचलेलं आहे… पण पुस्तकातला देश स्वतः दार उघडून "या, चपला बाहेरच काढा" म्हणतो, तेव्हा मजा वेगळीच असते!

दारातच थिडाच्या आईनं वाटीतलं सुगंधी पाणी डहाळीनं माझ्या खांद्यावर शिंपडलं. जुनं वर्ष धुऊन टाकायचं म्हणे. घरात सगळे त्यांना 'अमे' म्हणतात, म्हणजे आई. पाच मिनिटांत मीही अमेच म्हणायला लागलो.

अमेंच्या गालांवर पिवळसर लेप होता. आपण सहाणेवर चंदन उगाळतो ना, तशी एका झाडाची साल उगाळून लावतात. सण असो, नाहीतर भाजी आणायला जाणं असो. पाण्याचा ग्लास देताना त्यांचा डावा हात उजव्या कोपराला टेकलेला… आपण तीर्थ घेताना जो आदर दाखवतो, तो इथे साध्या पाण्याला!

आणि नावं! ही थिडा विन, नवरा मिन थू, मुलगी सू वाइ, आई खिन म्या. एका घरात चार माणसं, आणि कुणाच्या नावाला दुसऱ्याचं शेपूट नाही. त्यांच्यात आडनाव नसतंच. मी आनंदानं टेबलावर थाप मारली! नाव सांगितल्यावर "पूर्ण नाव काय?" असं गोड आवाजात विचारून समोरच्याची जात हुंगणारे आपण… या विषयावर मी व्यासपीठावर घसा फोडत आलोय. इथे तो विषय शांतपणे मला भात वाढत होता.

तेवढ्यात बेल वाजली आणि रफीक आत आला.

रफीक रत्नागिरीचा. मत्रहच्या बाजारात त्याचं कापडाचं दुकान, आणि मस्कतमधला तो माझा सगळ्यात जुना मित्र. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माझं भाषण रंगात आलेलं असताना याच गृहस्थानं माझा माइक बंद केला. हॉलची वेळ संपली होती म्हणे! त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद होतं… आणि आता तो दुकान आवरून कायमचा गावी निघाला होता. हे असंच राहिलं तर राहिलंच, हे दोघांनाही कळत होतं. पण आधी बोलायचं कुणी?

थिडानं त्याला बोलावलं होतं ते अमेंसाठी. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत नेऊन ठेवलं. बिचारा तिथेच गेला. त्या गावचा माणूस अमेंना डोळ्यांनी बघायचा होता. त्यांनी रफीकचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.

मग माशाचं दाट सूप आलं, तांदळाच्या शेवयांवर ओतलेलं. "अरे, ह्यात केळीचा गाभा आहे!" रफीक ओरडला. सवयीनं माझ्याकडे वळला… आणि सवयीनं वळलोय हे लक्षात येताच वाडग्यात बघायला लागला.

जेवण झाल्यावर अमेंनी खणाखणांचं तबक मध्ये ठेवलं. मधल्या खणात मुरवलेली चहाची पानं, भोवती तळलेला लसूण, शेंगदाणे, तीळ, डाळी. तुरट, आंबट, कुरकुरीत… एक घास घेतला आणि माझा हात थांबेना. रफीकनं मात्र हात लावला नाही.

"अमे विचारतायत," थिडा म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत का नाही?"

मग काय! मी उभाच राहिलो. माणसाचा विचार अर्ध्यावर तोडणं हा अन्याय आहे, सभेची वेळ घड्याळ नाही तर श्रोते ठरवतात… सगळे मुद्दे मांडले. थिडा भाषांतर करून करून दमली. रफीक एवढंच म्हणाला, "अर्बाब, वॉचमन कुलूप घेऊन दारात उभा होता!" अर्बाब म्हणजे इथल्या बोलीत 'मालक'… टोमणाच तो!

अमेंनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि निकाल दिला. "हा आपणहून थांबला नसता. थांबवायला मित्रच लागतो."

"हा निकाल एकतर्फी आहे!" मी म्हणालो. "पहिली गोष्ट म्हणजे…" आणि बोलता बोलता तबकातला आणखी एक घास तोंडात टाकला.

अमे टाळ्या वाजवायला लागल्या! थिडानं हसत हसत सांगितलं… त्यांच्याकडे पूर्वी वादाचा निकाल लागला की दोन्ही पक्षांपुढे हा चहा ठेवत. खाल्ला, म्हणजे निकाल मान्य. राजे-रजवाडेही तहाच्या वेळी हाच चहा पाठवायचे. खाल्ल्यावर अपील नाही.

"खलास!" रफीक म्हणाला. "शहाण्या, निकाल लागायच्या आधीपासून मान्य करत बसलायस. अर्धं तबक संपवलंस!"

मी तोंडातला घास गिळला. आता त्याची पाळी होती. त्यानं तबकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं… चांगली मूठभर पानं उचलली आणि भरल्या तोंडानं म्हणाला, "मला पण मान्य. बस आता खाली."

माझा मुद्दा आजही बरोबर आहे आणि तो मी पुन्हा मांडणार. पण आपली भांडणं 'आधी कोण बोलणार' यावर अडून राहतात, आणि मैत्र्या तशाच म्हाताऱ्या होऊन मरतात. या लोकांनी ती अडचणच काढून टाकलीय… कुणीच बोलायचं नाही, फक्त खायचं!

उद्या रफीकला विमानतळावर सोडायला मीच जातोय. अमेंना त्यांच्या भाषेत 'आभारी आहे' म्हणायचं होतं, तो शब्द थिडाला विचारायचाच राहिला… काय करणार, मी आणि रफीक निघेपर्यंत एकाच वेळी बोलत होतो.