उन्हाचा वाटा

नाना गच्चीवर आले की आधी पालथा हात जमिनीवर टेकवत. तळवा राबून निबर झालाय, तो खोटं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. थोडा वेळ हात तसाच ठेवून ते उठत आणि म्हणत, "आज पिकंल." मीठ पिकतं तशी त्यांच्या लेखी वीजही पिकत असे.

करंजाड्याच्या आमच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर होती. मी पनवेलच्या एका शाळेचं ग्रंथालय सांभाळायचो, घरी एकटाच. नाना खाडीकाठच्या आगरी घरातले. वडिलांच्या मिठागरांवर वीजकेंद्र आलं आणि जमिनीच्या बदल्यात नानांना तिथेच भट्टीवर नोकरी मिळाली. "बानं नुस्त्या उनावर मीठ काढलं, मास्तर. त्याच जागंवर मी जलमभर कोलसा जालला," हे ते अगदी शांतपणे सांगत.

निवृत्तीनंतर त्यांनी जिन्यातल्या दिव्यांसाठी गच्चीवर सोलरची पॅनलं बसवायचं ठरवलं. सोसायटीच्या सभेत कुणीतरी टोमणा मारला, "आपल्या एका जिन्यानं जगाचा धूर कमी होणार का, नाना?"

"नाय व्हनार. पन माज्या हातचा थोरा कमी व्हईल."

त्यापेक्षा सगळ्यांनीच वीज कमी वापरावी, असं मी पुस्तकी काहीतरी बोललो. नाना हसले. "ते तुमी सांगा. आमच्या गावात दिवा आला तवा मला मिशी फुटली व्हती. आता पोरांनी पंका लावला तं मी कोन्या तोंडानं नको म्हनू? वीज लागंलच. ती जालून नको, एवरंच."

पॅनलं आली, पण नानांनी ती मिठागराच्या वाफ्यांसारखी जमिनीलगत आडवी बसवायला लावली. सोलरवाला वैतागला. "दक्षिणेला तिरपी करू द्या, नाना. आडव्यावर धूळ साचेल, थंडीत वीजही कमी मिळेल."

"बाचं आगर आडवंच व्हतं."

मिठागरवाल्याचा हट्ट म्हणून सगळे हसले. मीही हसलो.

खरं कारण मला थंडीत कळलं. पॅनलांच्या मागच्या मोकळ्या जागेत पार्वतीवहिनी, म्हणजे नानांच्या पत्नी, जुनं लुगडं अंथरून जवळा सुकत घालत. त्या बारीक कोलंबीचा वास मला सोसत नसे. मी खिडकी लावून घेई. सूर्य कलल्यावर तिरप्या पॅनलांची सावली नेमकी त्या लुगड्यावर आली असती.

"तुमची वीज ऱ्हाऊ दे. माजा जवला सुकू दे आदी," वहिनी दरडावत.

"आडव्याच हायत ना पाट्या? सावली परली तं सांग."

थंडीत जिन्यातले दिवे मिणमिणत आणि पहाटेआधीच विझत. "नाना, दिवे लावलेत की काजवे?" म्हणून लोक चिडवत. नाना ऐकून घेत आणि फडकं घेऊन पॅनलं पुसायला जात. वहिनींचं नाव त्यांनी कधी पुढे केलं नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "उनात तिचा वाटा आदीचा. मी मागून आलो."

एका पावसाळ्यात वहिनी गेल्या.

थंडीत सोलरवाला बॅटरी बघायला आला. मागची जागा रिकामी पाहून म्हणाला, "आता इथे काही नसतं ना? करू तिरपी?" नानांनी त्या जागेवर जाऊन पालथा हात टेकवला. बराच वेळ उचलला नाही. मग म्हणाले, "कर."

जिना लख्ख झाला. चिडवणारेच वाखाणू लागले. एका संध्याकाळी नाना माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"उजेर लय झाला, मास्तर."

"हो, छान झालाय."

"पन आमच्या घरातलं जिन्यानं येनारं कोन ऱ्हायलं नाय."

पुढे दर हिवाळ्यात ते दुपारी गच्चीवर पॅनलांच्या सावलीत बसत. इतकं ऊन सोडून सावलीत का, असं मी विचारलं. "तिची जागा हाय. रिकामी कशाला ऱ्हावी?" मी पुस्तक घेऊन शेजारी बसू लागलो. 

नाना गेल्यावर पॅनलं मी पुसतो. मागच्या थंडीत खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली एक बाई जवळ्याची टोपली घेऊन वर आली. टाकीपाशी तिला जागा मिळेना. पॅनलांमागे गेली, सावली बघून थबकली आणि परत निघाली.

"थांबा, ताई," मी म्हणालो. "उद्या इथे ऊन असेल."

सोलरवाल्याने फोनवरच समजावलं, "काका, आडवी केली तर दिवे पुन्हा पहिल्यासारखे होतील."

"होऊ देत. ये तू."

आता मी पहाटे दूध आणायला उतरतो तेव्हा जिन्यात अंधार असतो. कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत मी खाली जातो. वरून जवळ्याचा वास येत असतो.