डावी चेन माझी, उजवी इनासची

वटार गावातल्या आमच्या घरात वाडीच्या आधी ट्रॅक्टरची वाटणी झाली.

ट्रॅक्टर म्हणजे पप्पांचा जुना, चेनचा. चाकांच्या जागी दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांची चेन, खाली रोलर आणि वर ऐन उमेदीतले पप्पा! राजोडीपर्यंतची कितीतरी शेतं त्यांनी त्यावर बसून सपाट केली. आता खालचं सगळं झिजलं होतं. (मशीनचं. पप्पांचे गुडघे वेगळे.)

त्या वेळी मी आणि धाकटा भाऊ इनास एकमेकांशी बोलत नव्हतो. कारण, कुंपणाजवळचा एक फणस. सविस्तर सांगत नाही. सांगितलं की चूक माझी निघते.

"वाटणी हवीय ना?" एकदा जेवताना पप्पा म्हणाले. "डावी चेन थोरल्याची, उजवी इनासची. रोलर बदला, पिना ठोका, चेन चढवा. मशीन कुंपणापासून चिकूपर्यंत सरळ चाललं तर वाडी एकत्र राहील. नाही चाललं तर मोजणीवाला बोलावतो."

पप्पांना वाटलं, एका मशीनखाली आडवी झाली की पोरं बोलतील! आम्ही दीड महिना आडवे झालो आणि बोललो ते माझ्या बायकोमार्फत.

"रीटा, त्याला सांग, जॅक हलवू नको."

"भाऊजी, हे म्हणतात जॅक हलवू नका."

"वहिनी, त्याला सांगा, जॅक माझा आहे."

"मी भाकऱ्या करू की तुमचा टेलिफोन होऊ?" रीटा कडाडली.

शेवटी चेन ताणायची वेळ आली. "दोन बोटं झोल ठेवा," पप्पांनी बजावलं होतं. मी ठेवला, देवाशप्पथ! पण इनासची चेन जराशी लोंबताना दिसली. म्हटलं, आपली कशी दिसली पाहिजे? ताठ! मी नट आणखी आवळला. ते पाहून इनासने स्वतःची ढिली केली. मी पुन्हा आवळली. त्याने पुन्हा सोडली. तीन दिवसांत माझी चेन तंबोऱ्यासारखी वाजू लागली आणि त्याची झोपाळ्यासारखी झुलू लागली!

रविवारी मिस्सा आटोपून फादर आले. त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं (दोन्ही चेनवर सारखं, उगाच भांडण नको). ऐंशी वर्षांचे पप्पा टोपी घालून वर चढले. मशीन धडधडलं, चार हात सरळ गेलं... माझे डोळे भरून आले. पाचव्या हाताला माझी चेन अडली, मशीन गर्रकन डावीकडे वळलं आणि त्या वळणात इनासची चेन रोलरवरून घसरून मातीत आडवी पडली!

"तू आवळून मारलीस!" इनास ओरडला. आठ महिन्यांत थेट माझ्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य.

"तुझी लोंबत होती!"

"बोलले एकदाचे!" रीटाने क्रुसाची खूण केली.

पप्पा सावकाश उतरले. दोन्ही नटांना हात लावून पाहिला. आयुष्यभर मशीन चालवलेल्या माणसाला अजून काय सांगायचं?

"मशीनची चूक नाही," एवढंच म्हणाले आणि आमच्याकडे न बघता घरात गेले.

मोजणीवाला आला. मशीन माझ्या हद्दीत राहिलं, विहीर इनासच्या. आता रोज बादली घेऊन मी त्याच्याकडे जातो, भांडायच्या पूर्ण तयारीने. तो उलट उठून पंप चालू करून देतो! सूड असा घ्यायचा असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर धाकट्याकडून शिकावं लागलं!