ठाकुर्लीच्या चाळीतली भरीव खोली

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलोय, हे आधीच सांगून टाकतो. पांढऱ्या साडीतली बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... चहासोबत बरं जातं. माझं काम कॉम्प्युटर गेम्स बनवायचं. आमच्यात काही विचित्र घडलं की त्याला बग म्हणतात, आणि बग शोधला की सापडतो. नाही सापडला तर शोधणारा गाढव. सध्या तो गाढव मी आहे, आणि डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून लिहितोय.

मूळ खूळ माझ्या मोठ्या भावाचं, महेशदादाचं. आम्ही ठाकुर्लीला चाळीत राहायचो. दादा मला डोंबिवलीच्या एका सायबर कॅफेत घेऊन जायचा आणि आम्ही पाच-सहा जण मिळून बंदुकांचे गेम खेळायचो. राउंड संपला की नकाशा परत कोरा. फोडलेली भिंत उभी, मेलेले जिवंत. दादा जाम चिडायचा.

"अरे, जीव काढून पूल उडवला ना आपण? आणि परत हाय तसाच? मग खेळलो कशाला?"

घरी चालत येताना तो त्याचं जग रचायचा. कल्याणच्या रेल्वे यार्डापासून ठाण्याच्या खाडीपर्यंत एकच सलग नकाशा. हजारो माणसं एकाच वेळी. आपण झोपलो तरी तिकडे लढाई चालूच. पूल उडवला तर उडवला, ज्यांना पलीकडे जायचंय त्यांनी नवा बांधायचा. तेव्हाच्या नेटवर सहा जण खेळताना सगळं अडकायचं, आणि हा हजारोंच्या बाता मारायचा! मी हसायचो, पण ऐकत राहायचो.

मी कॉलेजात असताना दादाला कावीळ झाली आणि तो गेला. पुढे चाळही रीडेव्हलपमेंटमध्ये गेली.

ते जग आता मी आणि माझी पार्टनर सायली बनवतोय. ठाण्याला खोपटमध्ये, एसटी डेपोच्या मागे, सायलीच्या घरातली एक खोली म्हणजे आमचं ऑफिस. यार्ड झालं, खाडी झाली, आमची चाळही जुन्या फोटोंवरून हुबेहूब उभी केली. फक्त आमची खोली सोडून. त्या खोलीत कुणी ग्रेनेड टाकलेला मला झेपला नसता. म्हणून बाहेरून दाराचं नुसतं चित्र चिकटवलं आणि मागे सगळं भरीव ठेवलं. आत खोलीच नाही. हे नीट लक्षात घ्या, नाहीतर पुढचं सगळं गंमत वाटेल.

मग टेस्टिंग सुरू झालं. आमच्या टेस्टर्समध्ये एक तन्वी आहे. कल्याणला फिजिओथेरपिस्ट आहे. दुपारी क्लिनिक बंद असतं तेव्हा आपल्या घरून खेळते आणि भल्याभल्यांना लोळवते. एका दुपारी तिच्या मागे चौघे लागलेले. ती चाळीत शिरली आणि त्यांना सापडेचना.

"कुठे आहेस?" सायलीने हेडफोनवर विचारलं.

"कोपऱ्यातल्या खोलीत. अगं, कॅरम काय भारी केलाय तुम्ही! थांबा, माझा डाव चाललाय."

आमच्या गेममध्ये कॅरम नाही. सायलीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आमच्या स्क्रीनवर तन्वीचा सैनिक गॅलरीत, त्या खोट्या दारासमोर नुसता उभा होता. थोड्या वेळाने तो हलला. असल्या गेममध्ये खेळणाऱ्याला आपले बंदूक धरलेले हात समोर दिसतात. तिने स्क्रीनचा फोटो पाठवला. काळ्या हातमोज्यांची बोटं पांढरी झाली होती... बोरिक पावडर लागावी तशी.

मग एकेक करून बाकीचे टेस्टरही त्या खोलीत जायला लागले. सगळ्यांचं सांगणं एकच. आत गंजी घातलेला एक डावखुरा माणूस बसलेला असतो, नेम धरण्याआधी स्ट्रायकरवर फुंकर मारतो. चाळीचाच नियम: हरला तो उठला. तो कधी हरतच नाही, त्यामुळे उठायचं पाहुण्यांनी. रेकॉर्डिंग केलं तर त्यात फक्त बंद दार दिसतं. पांढरी बोटं मात्र सगळ्यांना दिसायची, आम्हालाही.

दादा डावखुरा होता. स्ट्रायकरवर फुंकर मारायचा. हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं.

सायलीला वाटलं, मीच काहीतरी घुसडलंय. "नितीन, मस्करी पुरे झाली हां. काढून टाक ते."

"अगं, काय काढू? तू बघ ना! तुझ्याकडे पण सगळा कोड आहे."

तिने बघितला. मी बघितला. पांढऱ्या बोटांचं चित्र आमच्याकडे कुठेच नव्हतं. आमची कडाक्याची भांडणं झाली, आणि खरं सांगू, मला त्या भांडणांचं काहीच वाटत नव्हतं. मला राग वेगळाच होता. मला ते दार उघडत नव्हतं! माझ्या नावाने गेलो, नवीन नावाने गेलो, सायलीच्या नावाने गेलो. थाडकन भिंत. कोण कुठला डोंबिवलीचा टेस्टर मजेत माझ्या भावासमोर मांडी घालून बसतोय, आणि मी सख्खा भाऊ बाहेर गॅलरीत! दादा गेल्यापासून मी कॅरमला हात लावलेला नाही. मला त्याच्याबरोबर एकदा बसायचं होतं, बास.

त्यात हैदराबादच्या एका कंपनीला आमचं जग आवडलं. पण त्यांना ते कोरं करून हवं होतं. टेस्टिंगची सगळी मोडतोड पुसून, पहिल्या दिवसासारखं. दादाला हे मुळीच पटलं नसतं. पण जग लोकांपर्यंत पोचलंच नाही तर टिकणार काय, डोंबल? मी हो म्हटलं. रविवारी संध्याकाळी पुसायचं ठरलं.

रविवारी दुपारी मी कल्याणला तन्वीच्या घरी गेलो. तिच्याच कॉम्प्युटरवर आधी मी खेळलो. भिंत. मग खुर्चीत ती बसली आणि म्हणाली, "हे काय, उघडलं की." मला स्क्रीनवर दाराचं चित्रच दिसत होतं. ती मात्र डोळे बारीक करून नेम धरत होती, चुकला की "शिट" म्हणत होती. माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीनवरची बोटं हळूहळू पांढरी व्हायला लागली.

"तन्वी, त्याला विचार... मला का येऊ देत नाही?"

तिने माइकमध्ये विचारलं. आणखी एक नेम धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो म्हणतोय, नितूला सांग, त्याला अजून लई वेळ हाय."

नितू मला फक्त दादा म्हणायचा. तन्वी मला सर म्हणते.

ती हरली आणि बाहेर आली. मी तिला जवळजवळ खुर्चीतून ढकललंच. त्या दारावर गोळ्या झाडल्या, बॉम्ब लावले, शेवटी माइकमध्ये ओरडलो, "दादा, अरे उघड ना!" तन्वीची आई स्वयंपाकघरातून घाबरून बाहेर आली. दार होतं तसंच.

संध्याकाळी सायलीने जग पुसलं. त्यानंतर कुणालाच ती खोली सापडलेली नाही. तन्वी अजून रोज जाऊन बघते, तिलाही आता भिंतच लागते. तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपा करून "सर्व्हरचा घोळ असेल" असं लिहू नका, आम्ही सर्व्हर उलटा-पालटा करून बघितलाय. माझ्याकडे कारण नाही. सायलीकडेही नाही.

सायली हल्ली भांडत नाही. परवा चहा देताना म्हणाली, "अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस? भरपूर जगशील म्हणाला तो. आशीर्वादच दिला ना तुला."

असेलही. पण आशीर्वाद कुणी मागितला होता? मला एक डाव हवा होता.