नानांचे थांबे

"इथं उतरलो गो, बाय," असं म्हणून नाना टेबलावर दोन बोटं टकटक वाजवायचे, चष्मा काढून डोळे पुसायचे आणि कामाला लागायचे. माझ्या शहापूरच्या कॉम्प्युटर सेंटरात नवीन आलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा आता उठून निघणार. नाना जागचे हलायचे नाहीत. ते इंटरनेटच्या एका पानात उतरलेले असायचे.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. यंत्र त्याला धड चालवता येत नाही, पण यंत्राने कसं वागावं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आमचे नाना त्यातले.

मुरबाडच्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर खिळे जुळवले. छापखाना बंद पडल्यावर, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, ते माझ्याकडे मुद्रितं तपासायला आले. लग्नपत्रिका, म्हशाच्या जत्रेची हँडबिलं, शाळांची प्रमाणपत्रं, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. गाव म्हशाजवळ, त्यामुळे मुरबाडला एसटी बदलून, वाटेत सरळगाव, किन्हवली असे थांबे घेत रोजची ये-जा. वयाने ते माझ्या वडिलांएवढे होते आणि चूक सापडली की त्यांच्याएवढंच बोलायचे.

पुढे फोनच्या तारेवरून आमच्याकडे इंटरनेट आलं. मी मजकूर लिहायला एक एडिटर वापरायचे, त्याच्या पोटातच ब्राउझर होता. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं, आणि ती हवी तेवढी मोठी करता यायची. नाना त्याच्यावर बेहद्द खूश झाले. जेवणाच्या सुट्टीत ते अर्ध्या पडद्यावर इंग्रजी पान उघडायचे आणि उरलेल्या अर्ध्यात शब्दकोशातून काढलेले अर्थ लिहायचे. काय वाचता म्हणून विचारलं, की म्हणायचे, "टाइमपास."

आमचं भांडण झालं ते बुकमार्कवरून. नाना त्याला खूण म्हणायचे.

"ही कसली खूण? काल जिथं थांबलो तिथं नेत नाय. पार वरती नेऊन सोडते."

"नाना, ती पानाची खूण आहे. ओळीची नाही."

"मंग पुस्तकात कागद घालतेस तो कव्हरात घालतेस काय?"

दुसऱ्या दिवशी दुसरी तक्रार. खुणेला आपोआप पानाचं नाव लागतं, ते त्यांना नको होतं. "खूण माझी. नाव मी देनार." तिसरी तक्रार अशी, की खूण उघडली की अर्थ लिहिलेला अर्धा पडदा झाकला जातो. खुणेने आपल्या बाजूला राहावं, त्यांच्या लिखाणावर येऊन बसू नये. आणि पुसायची असेल तर आधी विचारावं.

"जगात सगळीकडे पानाचंच नाव लागतं, नाना."

"जगाला सरळगावला उतरायचंय काय?"

तो एडिटर आपल्याला हवा तसा वळवता यायचा. मी वैतागले, पण आठवडाभर खपून नानांच्या सगळ्या अटी त्यात बसवल्या. नानांनी खुणांना आपल्या रस्त्यावरच्या एसटी थांब्यांची नावं दिली. शेणवा, मग किन्हवली, मग सरळगाव. कौतुकाचा शब्द काढला नाही, फक्त माझ्यासाठी घरची काकडी आणली.

एकदा सोयरिकीच्या कामासाठी नानांनी सुट्टी घेतली. त्याच दिवशी किन्हवलीची एक मुलगी नर्सिंगचा फॉर्म भरायला आली. तिच्यासाठी नानांनी ते पान आधी शोधून ठेवलं होतं, म्हणून मी खुणांची यादी काढली. किन्हवली दिसली. म्हटलं, हीच हिची. उघडली.

उघडलं ते काचबिंदूचं पान, आणि बरोबर मधल्या ओळीवर. कडेची नजर आधी जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही, असं तिथे लिहिलं होतं. शेजारच्या अर्ध्यात नानांचं लिखाण, जसंच्या तसं: 'डावीकडून आलेलं माणूस बोलल्यावर कळतं. बायला सांगू नये.'

मुलीचा फॉर्म मी कसाबसा शोधून भरला. ती गेल्यावर बाकीच्या खुणा उघडल्या. सगळे थांबे त्या एकाच पानावर होते. सरळगावची ओळ अशी, की गेलेली नजर परत येत नाही. त्यापुढे खूण नव्हती, लिखाणही नव्हतं. त्या खुणेची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती; त्यानंतर नानांनी ते पान पुढे वाचलंच नव्हतं. मी पान खाली सरकवलं. लगेच पुढच्या परिच्छेदात होतं, की उरलेली नजर औषधाचे थेंब घालून पुष्कळदा टिकवता येते. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसले. ते समजले.

"माझी खूण उघडलीस?"

"किन्हवलीची मुलगी आली होती, नाना. मला वाटलं तिचीच."

ते हसले, मग मान खाली घातली. "आता काढशील ना मला? मुद्रितं तपासायची आणि दिसत नाय. कोन ठेवील?"

"आधी ऐका," मी म्हटलं आणि तो पुढचा परिच्छेद मराठीत करून दोनदा वाचला.

"हे तिथंच होतं?"

"दोन बोटं खाली."

नानांनी पडद्यावर दोन बोटं टेकवून पाहिली. "भ्यालो गो मी," म्हणाले. त्याच आठवड्यात मी त्यांना कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

थेंबांनी पाचेक वर्षं निभावली. नंतर बारीक अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा नाना म्हणाले, "आता कानानं तपासू." पण ऱ्हस्व-दीर्घ ऐकून कसं कळणार? म्हणून मी एकेक अक्षर सोडवून सांगायचे: "व-ला पहिली वेलांटी, न-वर अनुस्वार, त-ला दुसरी वेलांटी." नाना डोळे मिटून ऐकायचे. विनंतीतली वेलांटी चुकली की टेबलावर हात आपटायचे. मग एका पावसाळ्यात त्यांचं येणं थांबलं, आणि दिवाळीआधी ते गेल्याचा निरोप आला.

आता पत्रिका मी एकटीच तपासते. दुकानात कोणी नसलं की वेलांट्या मोठ्याने म्हणते. कधीकधी मुद्दाम चुकीची म्हणते आणि थोडा वेळ थांबते.