माळीपुऱ्याचा नळ आणि माझी सही

आमच्या गावच्या म्युनिसिपालिटीच्या दप्तरात माझी एक सही आहे. वाळवीनं खाल्ली नसेल तर अजूनही असेल. त्या सहीवरून लोक माझ्या पाठीमागं पुष्कळ बोलले, तोंडावर थोडे बोलले. मी मात्र कोणाला काही सांगितलं नाही. मी कोणापुढं कैफियत देणारा माणूस नाही. पण आता ज्यांची लाज वाटावी ते सगळे गेले, म्हणून सांगतो.

मी मराठी दुसरीपर्यंत शिकलो. पुढं बापानं मोटेवर उभं केलं, शिकलेली अक्षरंही विसरलो. सही मात्र माझी अशी की कचेरीतला कारकूनसुद्धा थांबून पाही. मोडीतली, शेवटी लांब शेपटी काढलेली. ती एका पाटलाच्या सहीवरून मी गिरवून गिरवून शिकलो होतो. सही पाहून माणसाला वाटावं, हा चार बुकं वाचलेला आहे. मलाही तसंच वाटायला आवडायचं.

आमचा माळीपुरा गावाच्या खालच्या अंगाला. पुऱ्यात विहीर होती, पण पाणी मचूळ. त्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी शिजत नसे. प्यायचं पाणी बाया नदीतून आणत. उन्हाळ्यात नदी कोरडी, मग वाळूत हातभर खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणतात. त्यात पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचं आणि करवंटीनं घागरीत भरायचं. एक घागर भरायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात मी वांग्याचं अर्धं वावर ओलून टाकी. माझ्या बायकोच्या गुडघ्यांना वाळूचे घट्टे पडले होते.

मग मोताळ्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी म्युनिसिपालिटीनं तलाव बांधला आणि तिथून गावात नळ आणायचं ठरलं. वरच्या पेठेत नळ आला. आमच्या पुऱ्यापर्यंत आणायला चर खोदायला पैसा नाही म्हणाले. तेव्हा म्युनिसिपालिटीचे प्रेसिडेंट एक इंग्रज सरकारी साहेब होते. ते घोड्यावरून आमच्याकडं आले आणि इंग्रजीत काही बोलले. त्यांच्यासोबत आमच्याच गावचा एक वकील होता. तो मातीच्या ढिगावर उभा राहिला आणि आम्हाला सांगू लागला, "साहेब म्हणून राह्यले, चर तुमी खोदा. पाइप आमी टाकतो. चौकात नळ बसवतो, आन त्या नळाचं पाणी माळीपुऱ्याले कायमचं फुकट. कोणी पट्टी मागणार नाही."

मी विचारलं, "कायमचं म्हणजे किती दिवस?"

वकील हसला. "तुह्या नातवाच्या नातवापावतर."

आम्ही तो चर वैशाखात खोदला. काळी जमीन दगडासारखी झाली होती, कुदळ मारली की हाताला हिसका बसे. घरटी एक माणूस, दुपारी पिठलं-भाकरी, बास. मी सगळ्यांच्या पुढं होतो. पावसाच्या आधी चौकात नळ आला. पहिल्या दिवशी बायांनी नळाला हळदकुंकू लावलं. माझी बायको घागर भरून घरी आली आणि म्हणाली, "अवो, घागर भरेपावतर मले उभंच राहा लागलं. बसाचं कामच नाई." एवढंच बोलली. त्या दिवशी घरात डाळ शिजली.

हा वकील म्हणजे माझा लहानपणचा सोबती. आमच्या मळ्याच्या विहिरीत तो पोहायला शिकला, माझ्याच पाठीवर बसून. त्याच्या घरी शिक्षणाची आवड होती, तो शिकत गेला, मॅट्रिक झाला, पुढं वकिली केली. डोक्याला पगडी आली तरी माझ्या ओट्यावर बसून कांदा-भाकर खायचा. नळ आल्यावर दोन-तीन वर्षांनी निवडणूक आली तेव्हा त्यानंच मला उभं केलं. मी म्हटलं, "मले कमेटीतलं काय समजते?" तो म्हणाला, "तू फक्त हात वर कर. लिहिण्यावाचण्याचं मी पाहतो." अख्ख्या पुऱ्यानं मला निवडून दिलं, आणि मी मेंबर झालो.

कमेटीचे कागद येत, काही मराठीत, काही इंग्रजीत. मला दोन्ही सारखेच. पण वकील मोठा चतुर. तो कधी म्हणाला नाही की आण, तुला वाचून दाखवतो. तो चारचौघांत म्हणे, "आज पुन्हा चष्मा घरी विसरला वाटते. आण इकडं." आणि वाचून सांगे. माझ्याकडं चष्मा नव्हताच. पण दर बैठकीला चष्मा विसरणारा माणूस म्हणून माझं नाव झालं. मग मी वडनेरच्या बाजारातून एक जुना चष्मा विकत आणला, पितळेच्या काड्यांचा. बायकोला सांगितलं, बारीक अक्षर दिसत नाही म्हणून आणला. त्यानंतर मी तो खरोखरच घरी विसरू लागलो. वकिलानं माझी लाज राखली, असं मला तेव्हा वाटे, आणि त्यासाठी मी त्याच्यावर जीव टाकला असता.

मी मेंबर होऊन तीन वर्षं झाली तेव्हा पाणीपट्टी वाढवायचा ठराव आला. साहेब केव्हाच बदलून गेले होते. नवे प्रेसिडेंट आमच्याच गावचे. तलावावर तेलाचं इंजिन बसवलं होतं. त्याचा खर्च भागत नाही म्हणाले. सगळ्यांची पट्टी वाढवायची आणि चौकातल्या नळावर पाणी भरणाऱ्यांनाही घरटी पट्टी लावायची, असा ठराव.

बैठक दुपारी होती. दाराशी पंखा ओढणारा डुलक्या घेत होता. जिनवाले शेठ उठले. त्यांचा कापसाचा जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, आणि घरी तीन नळ. ते म्हणाले, "फुकट पाणी कोणाले पुरलं आहे? माळीपुऱ्यातल्या बाया त्या नळावर म्हशी धुतात."

मी म्हटलं, "आमच्याकडं म्हशी नाहीत शेठ, म्हशी तुमच्याकडं आहेत. आमच्या बाया पोरं धुतात."

लोक हसले. शेठही हसले. म्हणाले, "बरं, पोरं धुवा. पण इंजिन काय तुमच्या चरावर चालते? त्याले तेल लागते."

"आमी वैशाखात चर खोदला तवा आमचंही तेलच निघालं," मी म्हटलं. "साहेबानं शब्द दिला व्हता. हे वकीलसाहेब साक्षीला आहेत. यांच्याच तोंडून आमी तो आयकला."

सगळे वकिलाकडं पाहू लागले. वकील उठला आणि असा बोलला की माझी छाती भरून आली. शब्द दिला होता हे खरं, तो मोडणं या सभेला शोभणार नाही, पण इंजिनाचा खर्चही खरा, म्हणून तीन जणांची छोटी कमेटी नेमावी आणि तिनं नीट विचार करून लिहून द्यावं. त्या तिघांत शेठ, तो स्वतः आणि मी. "माळीपुऱ्याच्या मेंबरांशिवाय हा प्रश्न सुटू नये," असं तो म्हणाला. माझं नाव छोट्या कमेटीत आलं म्हणून मी पुऱ्यात दोन दिवस मिशीला पीळ देत फिरलो. लोकांना सांगितलं, "आता चिंता नाही. लिहिणारे आमीच आहो."

आठ-दहा दिवसांनी वकिलानं मला त्याच्या घरी बैठकीच्या खोलीत बोलावलं. रिपोर्ट तयार होता. दोन पानं, इंग्रजीत, कारण तो वर कमिशनरकडं जायचा होता. शेठनं सही आधीच केली होती. वकिलानं विडा लावला, माझ्यापुढं तबक सरकवलं आणि पहिलं पान मराठीत वाचून दाखवलं. माळीपुऱ्यातल्या लोकांनी ऐन उन्हाळ्यात स्वतःच्या मेहनतीनं चर खोदला, हे ही कमेटी आदरानं मान्य करते. तेव्हाच्या प्रेसिडेंटसाहेबांनी दिलेला शब्दही कमेटीला ठाऊक आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या कुदळी इंग्रजीत गेल्या होत्या.

वकिलानं पान उलटलं. "पुढं इंजिनाचं आहे, तेलाचं. तेच ते."

दुसऱ्या पानावर मी नजर फिरवली, वाचणारा माणूस फिरवतो तशी. मग खाली सही केली. शेपटी नेहमीपेक्षा लांब काढली.

पुढच्या बैठकीत प्रेसिडेंटसाहेबांनी तोच रिपोर्ट हातात घेतला आणि मराठीत सांगितला. पहिलं पान बरोबर तसंच. दुसरं पान असं, की असं असलं तरी फुकट पाणी यापुढं देता येणार नाही. चौकातल्या नळावर भरणाऱ्या प्रत्येक घरावर पट्टी बसवावी. घरात नळ असणाऱ्यांची पट्टी आहे तीच ठेवावी, कारण ते आधीपासून देत आहेत. खाली तिघांच्या सह्या. "आणि विशेष म्हणजे," प्रेसिडेंटसाहेब म्हणाले, "माळीपुऱ्याच्या मेंबरांचीही याला संमती आहे. त्यामुळे वादाला जागा राहिली नाही."

मी उभा राहिलो. म्हटलं, "मी असं म्हटलं नव्हतं."

प्रेसिडेंटसाहेबांनी कागद माझ्याकडं फिरवला. "ही सही तुमचीच ना?"

ती माझीच होती. लांबून ओळखू येत होती.

"वाचूनच केली असेल," ते म्हणाले.

शेठ बाजूच्याला म्हणाले, "चष्मा विसरले असतील." सगळे हसले. त्यात वैर नव्हतं, ते नेहमीचंच हसणं होतं.

मी वकिलाकडं पाहिलं. तो टाकाचं टोक कागदाला पुसत होता. ते स्वच्छ होतं तरी पुसत होता.

त्या वेळी मला एवढंच बोलायचं होतं की मला वाचता येत नाही, यानं मला अर्धंच सांगितलं. एवढं बोललो असतो तर ठराव तिथंच अडला असता. निदान माझा पुरा माझ्या मागं राहिला असता. पण त्या खोलीत, शेठसमोर, शिपायासमोर, तीन वर्षं चष्मा विसरलेल्या माणसानं ते कसं बोलावं?

मी म्हटलं, "सही माझी आहे." आणि बसलो.

ठराव पास झाला. माझा हात वर झाला की नाही ते कोणी पाहिलंही नाही.

बाहेर पडलो तो सरळ वकिलाच्या घरी. तो पगडी काढून बसला होता. त्यानं बायकोला आत जायला सांगितलं.

"काऊन केलं बे तू असं?"

तो म्हणाला, "मी जे वाचलं त्यात एक शब्द खोटा होता का?"

"दुसरं पान नाई वाचलं."

"तू म्हटलं का, वाच म्हणून?"

त्यानं काढलेली पगडी खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "येत्या साली मी व्हाइस प्रेसिडेंट होऊन राह्यलो. शेठनं आन प्रेसिडेंटनं कबूल केलं आहे. तीन वर्षं तुहा चष्मा मी सांभाळला. एक डाव मले माहं पाहू दे."

त्यानं माफी मागितली असती तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही. पण तो हिशोब फेडल्यासारखं बोलला. त्यानं राखलेली माझी लाज त्यानं राखून ठेवली होती, कामाला येईल म्हणून. मी त्याला पोहायला शिकवलं तेव्हा माझ्या मनात असं काही नव्हतं. उंबऱ्याबाहेर आलो, त्यानंतर त्या घरात पाय ठेवला नाही. तो गेला तेव्हाही नाही. त्याची तिरडी आमच्या चौकातून गेली, नळाजवळून. मी मळ्यात वांगी तोडत होतो, तोडत राहिलो.

पण त्या दिवशी घरी जायचं राहिलं होतं. बातमी माझ्याआधी पोचली होती. चौकात माणसं बसली होती. कोणी शिवी दिली नाही. एक म्हातारा, चर खोदताना माझ्या शेजारी होता, एवढंच म्हणाला, "मेंबरसाहेब आले, जागा द्या." तोवर मला पुऱ्यात कोणी मेंबरसाहेब म्हटलं नव्हतं.

बायको चुलीपाशी होती. तिनं मला पाणी दिलं आणि समोर बसली.

"सही तुमीच केली म्हंतात."

"हो."

"कागद वाचला व्हता का?"

माझ्या तोंडावर शब्द आले होते. तिच्यापाशी लाज कसली? पण कोनाड्यात तो चष्मा होता, तिनंच फडक्यात गुंडाळून ठेवलेला. ती रोज त्याची धूळ पुशी. शेजारणींना सांगे, आमच्या घरी चष्म्याचा माणूस आहे.

"वाचला," मी म्हटलं.

"चष्मा तं घरीच व्हता."

"वकिलाचा लावला."

"मंग तुमी जाणूनच केली," ती म्हणाली. उठली, घागर घेतली आणि चौकाच्या उलट दिशेनं, नदीकडं निघाली.

पट्टी मी भरत गेलो, पहिल्या दिवसापासून, एकदाही न चुकवता. पण माझ्या घरात त्या नळाचं पाणी आलं नाही. ती झिऱ्यावर जात राहिली. गुडघ्यांचे घट्टे जाऊ लागले होते, ते पुन्हा आले. पुऱ्यातल्या बाया म्हणत, बाई, काऊन असं करतं? ती म्हणे, मले सवय आहे. मी एकदाच म्हटलं, नळावरून भरत जा. ती म्हणाली, "तो तुमच्या सहीचा नळ आहे."

मी दुसऱ्यांदा उभा राहिलो नाही. वकील व्हाइस प्रेसिडेंट झाला. माझ्याशी तो बेइमान झाला, हे मी मरेपर्यंत म्हणेन, आणि ते खरं आहे. पण तिच्याशी कोण बेइमान झालं, ते मी कोणाला सांगितलं नाही. ती गेली तेव्हा मी तो चष्मा कोनाड्यातून काढला आणि झिऱ्याच्या वाळूत पुरला. ती मला वाचता येतं असं समजूनच गेली.