झाकणाचा मागचा बोल्ट

गॅरेजच्या पाटीवर चांगलं भारदस्त नाव रंगवलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. सगळी गल्ली त्याला चिमटा मिस्त्री म्हणायची. इंजिनाच्या पोटात काहीही पडो, अडको, हरवो, हा माणूस बाही कोपराच्या वर सारायचा, मान भलतीकडे वळवायचा आणि आत हात घालून ती वस्तू बाहेर काढायचा. हात आत असताना तो इंजिनाकडे बघायचासुद्धा नाही, रस्त्यावरून जाणाऱ्यांशी गप्पा मारायचा. स्वतःच्या हातांचं त्याला भारी कौतुक. चुंबकाची दांडी, वाकडा आरसा, असली अवजारं विकायला कुणी आलं की तो दोन्ही पंजे पुढे करून म्हणायचा, "ही बघा. जन्मल्याबरोबर मिळालीत, तीही फुकट." विकणारा बिचारा पिशवी उचलून चालू लागायचा.

त्यातल्या उजव्या हाताची तीन बोटं गेले काही महिने त्याचं ऐकत नव्हती. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन. थंडीत आधी मुंग्या यायला लागल्या. तो हात झटकायचा, मांडीवर आपटायचा आणि कामाला लागायचा. मग मुंग्या थांबल्या, तेव्हा त्याला वाटलं, सुटलो एकदाचा. सुटला कसला? बोटं दिसायला जागच्या जागी होती, पाना धरायची, कप धरायची, फक्त आपण काय धरलंय हे मालकाला कळवायची बंद झाली होती. बायको शेजारच्या गाळ्यात पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. तिची एक टाचणी त्याने गुपचूप उचलली आणि बोटाच्या टोकात खुपसून पाहिली. रक्त आलं, कळलं मात्र काहीच नाही. रक्त त्याने पँटला पुसलं आणि ही गोष्ट पोटातच ठेवली. सांगणार कुणाला? चिमट्याला चिमटा काढला तरी कळत नाही, एवढा एक विनोद गल्लीने वर्षभर पुरवून खाल्ला असता. आणि खरं सांगायचं तर तो घाबरला होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं.

अशात एक दिवस दुपारी घड्याळवाले गाडी घेऊन आले. चौकातल्या दुकानात जन्मभर घड्याळं दुरुस्त करत बसलेला माणूस. कान इतका तिखट, की गाडीत नसलेला आवाजही यांना ऐकू येतो, असं मिस्त्री त्यांच्या तोंडावर म्हणायचा. या खेपेला मात्र आवाज होता.

"डाव्या अंगाला, मागे," घड्याळवाले म्हणाले. "सिग्नलला उभा राहिलो की खुर्रर्र करतं. पळायला लागली की गप्प."

मिस्त्रीने बॉनेट वर केलं. इंजिनावर प्लास्टिकचं एक झाकण असतं, तेच थरथरत होतं. चार बोल्टांपैकी तीन जागेवर होते. डाव्या कोपऱ्यातला, मागचा, गायब. आता हा मागचा बोल्ट म्हणजे एक नंबरचा आडमुठा. समोरच्या काचेखालची पत्र्याची भिंत आणि एक जाड नळी यांच्या बेचक्यात त्याचं भोक. डोळ्यांना दिसत नाही, पाना आधी तिथे वळत नाही, बोल्ट बोटांनीच धरवावा लागतो. तीनवर झाकण बसतंय ना, मग कोण बघतंय, असं म्हणून निम्मे मिस्त्री तो सोडूनच देतात. याने आजवर कुणाचाही सोडला नव्हता, आणि ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

"कुठल्या धसमुसळ्याकडे दिली होती गाडी?" त्याने विचारलं. "काम उरकलंय नुसतं."

"मी ही गाडी तुमच्याशिवाय कुणाला दिलीय का कधी?" घड्याळवाले म्हणाले. "थंडीत तुम्हीच उघडलं होतंत की झाकण."

मिस्त्रीला ते काम नीट आठवत होतं. बोल्ट लावला होता, पान्याने आवळला होता, घट्टही लागला होता. पण आवळणं हा नंतरचा भाग. त्याची स्वतःची एक पद्धत होती, हाताखाली काम केलेल्या प्रत्येकाला त्याने ती ओरडून ओरडून शिकवली होती: बोल्ट भोकावर टेकवायचा आणि आधी उलटा फिरवायचा. उलटा फिरवता फिरवता एका जागी तो किंचित खाली बसतो, टक् करून. आटे एकमेकांना सापडल्याची ती खूण. त्यानंतरच सुलटा. ती खूण न कळता सुलटा फिरवला तर आटे आडवे धरतात, बोल्ट घट्ट झाल्याचं नाटक करतो आणि गाडीच्या थरथरीने एक दिवस गळून पडतो. हे टक् कानाला ऐकू येत नाही. बोटाच्या टोकालाच काय ते कळतं.

त्याने डब्यातून तसाच एक बोल्ट शोधला, बाही सारली आणि हात आत घातला. मान सवयीने रस्त्याकडे वळवली. बोल्ट भोकावर टेकवला असं त्याला वाटलं. उलटा फिरवला असं वाटलं. खाली फरशीवर टण्‌ असा आवाज झाला. त्याने बोल्ट उचलला, पुन्हा हात घातला. या वेळी आवाज झाला नाही. बराच वेळ तो फिरवत राहिला, बोल्ट काही धरेना, म्हणून त्याने हात बाहेर काढून पाहिलं. अंगठा आणि दोन बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली, त्यांच्या मधे काहीही नाही. बोल्ट केव्हाच नळीच्या खाचेत जाऊन पडला होता आणि हा बापडा आत हात घालून हवा फिरवत होता.

"घाई नाही," घड्याळवाले म्हणाले. ते खरंच सज्जनपणे म्हणाले होते, तरी त्याला ते झोंबलं.

मग त्याने खाचेतला बोल्ट काढला आणि डावा हात घालून पाहिला. कोपर बॉनेटच्या बिजागरीला अडलं. उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत बोल्ट धरून पाहिला. ती दोन बोटं आयुष्यात कधी कामाला लावलेलीच नव्हती, ती काय धरणार? घामाने शर्ट पाठीला चिकटला. मागचा नसला तरी चालतं, असं म्हणून टाकावं आणि झाकण तीनवर सोडून द्यावं, हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले. स्वतःची त्याला शिसारी आली.

तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातून बायको हातात फोन घेऊन आली. त्यांची लेक चार दिवस माहेरी राहून तिच्या छोट्याला घेऊन आपल्या घरी परत निघाली होती, स्वतःची गाडी स्वतः चालवत.

"गावाबाहेर पेट्रोल भरून घेतलं म्हणे तिने," बायको म्हणाली. "आता घाट उतरून झाला की फोन करेल."

"हं," तो म्हणाला. हात इंजिनात होता. त्याच क्षणी बोल्ट पुन्हा फरशीवर पडला आणि घरंगळत तिच्या चपलेपाशी आला. तिने तो उचलला. त्याचा हात बाहेर आला तेव्हा बोटं अजून काहीतरी धरल्यासारखी मिटलेली होती. तिने त्या बोटांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. फोन बाकावर ठेवला आणि बाही वर केली.

"कुठे घालायचा ते सांगा."

"वहिनी, तुम्हीही मिस्त्री झालात की," घड्याळवाले हसले.

"शिकवतोय तिला," मिस्त्री म्हणाला. "आपलं पुढेमागे असावं."

तिचा हात सडपातळ, बेचक्यात सहज उतरला. तो शेजारी उभा राहून सांगत गेला: नळीच्या मागे, अजून खाली, तिथे गोल कड लागेल. टेकव. आता उलटा फिरव, हळू.

"फिरवतेय."

"काही कळलं?"

"थांबा जरा." तिने डोळे मिटले. "हं. बसला. जाड कापडातून सुई पार झाली की होतं ना, तसं झालं."

त्याने मान हलवली. त्याला बायकोचा हेवा वाटला, सरळ सरळ हेवा, आणि त्याची लाजही वाटली. मग त्याने तिला सुलटा फिरवायला सांगितलं, शेवटी छोटा पाना तिरका घालून आवळायलाही लावलं. इंजिन सुरू केलं. झाकण गप्प. घड्याळवाल्यांनी कान देऊन ऐकलं, तुमच्या गॅरेजला तोड नाही म्हणाले आणि गेले.

ती बाकावर बसली. "केव्हापासून?"

"थंडीपासून."

"आणि मला आज कळतंय? रोज शेजारी बसून जेवतो आपण."

"काय सांगायचं होतं? बोटं हरवली म्हणून?"

"डॉक्टरला तरी सांगायचं होतं." तिचा आवाज चढला होता, मग अचानक खाली आला. "थंडीपासून किती गाड्या केल्यात?"

हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नव्हता. आपलं काय होणार, या भीतीत तो इतका गुंतला होता, की दुसऱ्याचं काय होणार हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो आठवू लागला. "बेकरीवाल्याची व्हॅन. त्यात नुसतं ऑइल बदललं. इस्त्रीवाल्याची, तिची बॅटरी. ती डोळ्यांसमोर होती, तिथे काही नाही. शाळेच्या गाडीचा दिवा." एकेका गाडीबरोबर त्याचा श्वास मोकळा होत होता. "बाकी मोठं असं..."

काल संध्याकाळी लेक नको नको म्हणत होती. अजून चांगले आहेत बाबा, पुढच्या खेपेला बघू. त्यानेच ऐकलं नव्हतं. एवढा घाट उतरायचाय, पोर बरोबर आहे, पुढचे ब्रेक नवे करून देतो, म्हणून हट्टाने गाडी आत घेतली होती. चाकाच्या मागच्या बाजूला ब्रेक धरून ठेवणारे दोन-दोन बोल्ट असतात. दिसत नाहीत. आधी बोटांनी धरवावे लागतात.

त्याने फोनकडे बोट दाखवलं. "लाव तिला."

"काय झालं?"

"लाव आधी. थांब म्हणावं, जिथे असशील तिथे थांब. ब्रेक मी केलेत."

बायकोने फोन लावला आणि आवाज मोठा केला. रिंग वाजत राहिली आणि आपोआप बंद झाली. तिने पुन्हा लावला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी ओळखीचा हात करून गेला, मिस्त्रीला तो दिसला नाही.

"उचलत का नाहीये ही?" ती रडवेली होऊन म्हणाली. "वाजतोय तर."

त्याला माहीत होतं. हातात स्टिअरिंग असताना फोन वाजला तर वाजू द्यायचा, जग बुडालं तरी उचलायचा नाही. लेकीला गाडी शिकवताना शेजारच्या सीटवर बसून त्यानेच हे तिच्याकडून घोकून घेतलं होतं, आणि ती बापाचा शब्द कधी मोडत नसे.