लाल रेघ

भिवंडीत स्पीकर लावून देणारे एक काका आहेत. मोठे स्पीकर मागायला कुणी आलं की ते आधी विचारतात, "घरात लूमवरचा कोन हाय?" कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात कान गेलेला माणूस आवाज वाढवत नेतो, स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या रिसीव्हरला तो झेपत नाही, आवाज फाटतो आणि स्पीकर जळतो. म्हणून ते रिसीव्हरच्या ताकदीला जुळतील असेच स्पीकर देतात आणि आवाजाच्या बटणाशी नेलपॉलिशची लाल रेघ ओढतात. "याच्या पुढं न्यायचा न्हाय."

आमच्या अण्णांची सगळी उमर लूमवर गेली. रेघ ओलांडून त्यांनी दोनदा स्पीकर जाळले. मी वैतागून म्हटलं, "काका, दुप्पट वॉटचा रिसीव्हर आणि स्पीकर, सगळंच नवीन द्या."

काका घरी आले. जळालेला स्पीकर बदलला, गाणं लावून बटण रेघेवर आणलं, आणि मागच्या भिंतीजवळची खुर्ची अण्णांसकट ओढत स्पीकरसमोर आणली. अण्णा मांडीवर ठेका धरू लागले.

"यांना तिकरं लांब कोनी बसवला?" काकांनी विचारलं.

वाटेत येते म्हणून ती खुर्ची मीच तिथे नेऊन ठेवली होती.